मुक्काम पोस्ट पत्रा

विजेचा खांब नाही, नळ नाही, शेजार नाही अशा जागी स्वतःचं घर स्वतः बांधायचं ठरवलेल्या माणसाकडे सगळ्याचा आराखडा तयार असतो. सूर्य डिसेंबरात कुठून उगवतो आणि जूनमध्ये कुठून, हे त्याने कागदावर काढलेलं असतं. वारा कुठल्या खिडकीतून आत शिरेल आणि कुठल्या झरोक्यातून बाहेर पडेल, त्याचे निळे-तांबडे बाण असतात. पावसाचं पाणी कुठे साठेल, मोरीचं पाणी कुठल्या केळीला जाईल, त्या केळीचं पान कुठल्या पाहुण्यापुढे मांडलं जाईल, इथवर सगळं ठरलेलं. हे सगळं उभं राहीपर्यंत आपण रात्री कुठे पाठ टेकायची, तेवढं त्या कागदावर नसतं. विचारलं तर म्हणतात, "ते काय, करू काहीतरी."

आमच्या सिंधुदुर्गात अशी मंडळी हल्ली बरीच येतात. कोणी पुण्याचं, कोणी ठाण्याचं, एखादं थेट बंगळुरूहून. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला माणूस आधी शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. त्यामुळे उभी हयात संगणकापुढे काढलेल्या माणसाने कुठल्याशा तालुक्यातला आजोबांचा सातबारा हुडकून काढलेला असतो. त्यावर जमीन साडेतीन गुंठे आणि वारसांची नावं पानभर. तेवढ्या बळावर तो शेतकरी ठरतो आणि आमच्या सड्यावर दोन एकर कातळ विकत घेतो.

माझं घर त्या सड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं शेवटचं. म्हणजे विजेचे खांब माझ्या खळ्यापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. पुढे सगळे स्वावलंबी. ते स्वावलंबी लोक संध्याकाळी मोबाइल चार्ज करायला माझ्या ओटीवर येतात. एका बोर्डात दोन सॉकेट आहेत, त्यामुळे कधीकधी रांग लागते. ह्या रांगेत बसलेल्यांच्या तोंडून मी जे ऐकलं आणि सड्यावर जाऊन जे पाहिलं, त्यावरून सांगतो. घर बांधायला पैसा लागतो, धीर लागतो, हे खरंच. पण माणसाची परीक्षा घर घेत नाही. घर होईपर्यंतची जी सोय असते, ती घेते.

सगळ्यांत शहाणे लोक कुडाळात खोली भाड्याने घेतात. त्यांना पंखा असतो, संडास असतो, वरती घरमालकीण गरम घावणे पाठवते. ह्यांचं एकच चुकतं, ते साइटवर पोचतात साडेदहाला. गवंडी आठला आलेला असतो. अडीच तासांत एक तरबेज गवंडी काय काय करू शकतो, ह्याची शहरातल्या माणसाला कल्पना नसते. खिडकी होती तिथे दार होतं. दार होतं तिथे भिंत होते, आणि त्या भिंतीमागे गवंडी बिडी ओढत शांत बसलेला असतो. एका पुणेकरांच्या स्वयंपाकघराला आज दार आहे ते फक्त बाहेरून. स्वयंपाक करून वहिनी अंगणातून फिरून दर्शनी दाराने जेवायला येतात. ते आता लोकांना सांगतात की मुद्दामच तसं ठेवलंय, व्यायाम होतो.

दुसरा वर्ग तंबूवाल्यांचा. तरुण असतात, उत्साही असतात. तंबूवर लिहिलेलं असतं, माणसं तीन, ऋतू तीन. आपल्याकडे ऋतू तीनच म्हणून ते खुशीत असतात. पण ज्या देशात तो तंबू बेतला त्या देशातले तीन ऋतू म्हणजे वसंत, उन्हाळा आणि पानगळ. आमचा जून त्या यादीत येत नाही. आमचा जून तंबूकडे तंबू म्हणून बघतच नाही. शिवाय सडा म्हणजे सलग कातळ, त्यात खुंटी शिरत नाही. म्हणून हे लोक चार कोपऱ्यांना चार चिरे बांधतात. मग रात्री वारा सुटला की चिरे जागच्या जागी राहतात आणि तंबू जातो.

कंटेनरवाले एकच आले होते. जहाजावरचा वीस फुटी डबा, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच, त्याला खिडक्या कापलेल्या, आतून लाकडी पट्ट्या मारलेल्या. दिसायला देखणा. आमची पाणंद आठ फुटांना राजी झाली असती, पण ती सरळ नाही. ती पूर्वी बैलगाडीने आखली आणि बैलांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या. मोठ्या फणसाच्या वळणावर ट्रेलर जो अडकला तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी डबा तिथेच उतरवून ट्रेलर सोडवला. साहेबांचा गृहप्रवेश त्या वळणावर झाला. पुढे क्रेन येईपर्यंत ते तिथेच राहिले, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत सुखात राहिले. रस्त्यावरच घर, येणारा-जाणारा थांबून चौकशी करी, मासेवाली दारात. डबा सड्यावर नेऊन ठेवल्यापासून ते जरा गप्प असतात.

बाकी सगळे येऊन-जाऊन पत्र्याखाली येतात.

पत्र्याच्या शेडविषयी बोलण्याआधी मांगराविषयी बोललं पाहिजे, कारण आमच्याकडे हा प्रश्न जुन्या लोकांनी कधीच सोडवून ठेवला होता. मांगर म्हणजे शेतातली साधी खोप. गुरं, गवत, लाकूडफाटा, नांगर-जोतं ह्यांच्यासाठी. घर नवं बांधायला काढलं की माणसं मांगरात जायची. गुरं थोडी सरकून बसायची. जमीन शेणाने सारवलेली, बाजूला कुडाच्या भिंती, वरती गवत किंवा चुडताची झापं. शाकारणी वेळेवर केली तर थेंब आत येत नाही. आमच्या वाडीतल्या एका आजीने लग्नानंतरची पहिली चार वर्षं अशाच मांगरात काढली. तिला मी एकदा सड्यावर नेलं. तिथल्या जोडप्याने तिला कौतुकाने सगळं दाखवलं. मातीचा गिलावा, कुडाची भिंत, शेणाची जमीन, चूल. तिने सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "ह्या सगळ्याक पैशे पडले?"

पडले होते. बरेच पडले होते. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, "मांगरात रवाक येता तुमका, मगे घर कित्याक व्हया?" ह्याचं उत्तर त्या दोघांनी आपापसांत अजून शोधलेलं नाही.

ह्या मंडळींपैकी बहुतेकांकडे हेन्री डेव्हिड थोरोचं 'वॉल्डन' असतं. शेडमध्ये ते उशाशी असतं आणि पहिल्या पावसात त्याला बुरशी येते. मी एकांकडून ते बुरशी यायच्या आत वाचून घेतलं. १८४५ साली ह्या गृहस्थाने तळ्याकाठी स्वतःच्या हाताने खोपटं बांधलं आणि खर्च मांडला २८ डॉलर साडेबारा सेंट. ह्या आकड्याला आजवर लाखो लोक भुलले. पण हिशेब नीट वाचावा. जमीन मित्राची, इमर्सनची. कुऱ्हाड उसनी आणलेली. राहायला गाव हाकेच्या अंतरावर, दुपारी भूक लागली तर घरून कागदात बांधून आणलेला पाव आणि लोणी. म्हणजे त्याने तात्पुरत्या मुक्कामाचा प्रश्न आईवडिलांचं गाव न सोडण्याच्या साध्या युक्तीने सोडवला.

फळ्यांसाठी त्याने जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वे कामगाराची झोपडी ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतली. ठरलं असं की कॉलिन्सने सकाळी पाचला जागा सोडायची आणि ह्याने सहाला ताबा घ्यायचा. सहा वाजता वाटेत त्याला ते कुटुंब भेटलं. एका मोठ्या गाठोड्यात अख्खा संसार, कॉफी दळायचं यंत्र, आरसा, कोंबड्या. ती माणसं त्या दिवशी कुठे राहिली, ह्यावर ग्रंथ नाही. थोरोने मग झोपडी सुटी केली, फळ्या गवतावर उन्हात टाकल्या. तो गाडी भरून फळ्या नेत असताना मागे सीली नावाचा शेजारी चांगले सरळ खिळे निवडून खिशात घालत होता, आणि थोरो परत आला की हवापाण्याच्या गप्पा मारत होता. मला त्या पुस्तकातलं हे पात्र सगळ्यांत ओळखीचं वाटलं.

४ जुलैला थोरो राहायला गेला तेव्हा भिंतींच्या फळ्यांत रुंद फटी होत्या. चिमणी नव्हती, स्वयंपाक बाहेर उघड्यावर. गिलावा झाला थंडी पडल्यावर. आमच्याकडे जुलैच्या चौथ्या तारखेला कोणी अशा घरात राहायला गेला असता तर पुस्तक फार लहान झालं असतं.

अलास्कातल्या रिचर्ड प्रोनेकीचं मात्र मला कौतुक वाटतं. १९६८ साली ट्विन लेक्सच्या काठी ह्या माणसाने ओंडक्यांचं घर हातहत्यारांनी बांधलं आणि पुढची तीसेक वर्षं बहुतेक तिथेच काढली. ते काम त्याने स्वतःच चित्रित केलं. त्या फिल्मचे तुकडे माझ्या ओटीवर चार्जिंगला लावलेल्या प्रत्येक मोबाइलमध्ये असतात. सगळे त्याची करवत बघतात, रंधा बघतात, लाकडाची बिजागरी बघतात. कोणी हे बघत नाही की ओंडके त्याने आदल्या वर्षीच तोडून ठेवले होते, आणि घर होईपर्यंत तो जवळच्याच एका मित्राच्या रिकाम्या केबिनमध्ये राहत होता. रानात एकट्याने घर बांधायचं तर पहिलं हत्यार हेच. तळ्याकाठी रिकामं घर असलेला मित्र.

असो. पत्रा.

पत्र्याची शेड दोन दिवसांत उभी राहते. चार बाजूंना लोखंडी पाइप, वर पत्रे, बाजूंनी पत्रे, खाली जमलं तर कोबा. मे महिन्यात दुपारी आत बसलं तर आपण भाजतोय की शिजतोय एवढाच प्रश्न उरतो. म्हणून पत्र्यावर झापं टाकतात. झापांत उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, आणि धामण पत्र्यावरून सरपटताना जो आवाज करते त्याने पुण्यात वाढलेला माणूस एकदम बायकोच्या अंथरुणात येतो. मग खालून कापड ताणून छत बांधतात. हे काही नवं नाही. अमेरिकेच्या माळरानावर १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळवायला गेलेले लोक मुळासकट गवताच्या विटा कापून त्यांची घरं बांधत. पाच वर्षं तिथे राहून दाखवलं तर जमीन नावावर होई. त्या छपरातून माती, किडे आणि मधूनच एखादा साप खाली पडे, म्हणून तेही आढ्याखाली कापड बांधत. कापड मध्येच झोळीसारखं लोंबायला लागलं की आत काय आलंय ह्याचा अंदाज घेत जेवत असतील. आमच्याकडे तोच खेळ चालतो. कोपऱ्यातला फुगवटा हलतो की हलत नाही, एवढं बघून झोपायचं.

सापांचं म्हणाल तर खरा मान फुरशाचा. घरासाठी आणलेले चिरे रचून ठेवले, जुनी मंगलोरी कौलं गोळा करून त्यांची थप्पी लावली, की आमच्या सड्यावरचं फुरसं त्याला आपलं घर मानतं. मालक बिचारा पत्र्याखाली, फुरसं चिरेबंदी कौलारू वास्तूत. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते खरखर असा आवाज करतं, तो एकदा ऐकला की माणूस चिरा उचलण्याआधी पायाने नाही, काठीने चाचपतो. ह्या चिऱ्याची एक गंमत आहे. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश वैद्याने मलबारात हा दगड बघून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं की खाणीतून काढताना तो मऊ असतो, लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की विटेसारखा टणक होतो. बाहेरून येऊन शेडमध्ये राहिलेल्या माणसांचंही तसंच होतं. पहिल्या महिन्यात जे गोमेला घाबरून किंचाळतात, ते पुढच्या वर्षी चपलेत विंचू आहे का हे चपला न बघता आपटून ठरवतात आणि बोलणं चालूच ठेवतात.

मग पाऊस येतो.

गवंडी सुरुवातीपासून सांगत असतो, "पावसाच्या आदी होतला, सायबानू." तो खोटं बोलत नाही. फक्त कुठल्या पावसाच्या, हे तो सांगत नाही आणि साहेबही विचारत नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरतं, चिरेखाणीत पाणी साठतं, ट्रक सड्यावर चढत नाही, गवंडी शेती लावायला आपल्या गावी जातो. पुढचे चार महिने घर जोत्यापाशी थांबतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा ह्या चार महिन्यांत, आणि त्यातला मोठा वाटा एका पत्र्यावर. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की संसारात कमालीची शांतता नांदते, कारण कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. मी एकदा अशा पावसात एका शेडमध्ये चहाला अडकलो. नवरा-बायको खाणाखुणांनी भांडत होते. भांडण चांगलं रंगलं होतं, मुद्दे दोन्ही बाजूंचे सबळ दिसत होते. मध्येच पाऊस उघडला, एकदम सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं, तर दोघंही गप्प. परत सर आली तेव्हा पुढे सुरू.

विजेची कथा वेगळी. एक किलोवॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतात, असं पुस्तकात असतं आणि मार्चमध्ये ते खरंही असतं. शेडवर तेवढेही नसतात, दोनच असतात, कारण उरलेले घर झाल्यावर घ्यायचेत. जुलैमध्ये आभाळ काळं झालं की त्या दोघांतून जे निघतं त्यात दिवे लागतात, पंखा दमून फिरतो आणि बाकी सगळं गप्प. मिक्सर साडेसातशे वॉटचा. मालवणी जेवणात वाटप आलं, वाटपाला मिक्सर आला. मिक्सर फिरला की इन्व्हर्टर किंचाळून बंद पडतो, दिवे जातात आणि अंधारात वाटपाचं भांडं हातात घेऊन गृहिणी उभी. एका शेडमध्ये ह्यावर मार्ग म्हणून पाटा-वरवंटा आणला. पहिल्या दिवशी यजमानांनी स्वतः वाटप वाटलं. आता ते संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला आले की पिशवीत मिक्सरही असतो. ओलं खोबरं, धणे, मिरच्या, सगळं डब्यात तयार. माझ्या ओटीवर वाटप करून नेतात. आमच्या घरात त्या वेळी टीव्हीवरचं काही ऐकू येत नाही, पण आमच्याकडेही एक वाटी वाटप राहतं, तेव्हा हरकत नाही.

आणि बॅटरी. बॅटरीला ऊन लागता कामा नये, ओल लागता कामा नये, खाली लाकडी पाट पाहिजे, आजूबाजूला हवा खेळती पाहिजे, अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही. अख्ख्या शेडमध्ये अशी जागा एकच असते. तिथे बॅटरी झोपते. माणसं तिच्या उजव्या-डाव्या हाताला. रात्री उठून पांघरूण मुलाचं सारखं करायचं की बॅटरीच्या टोपणातलं पाणी बघायचं, हा प्रश्न मी एका आईला पडलेला पाहिला आहे. तिने आधी बॅटरी बघितली. मुलगा म्हणे बोलू तरी शकतो.

आता संडास. सभ्य लोक ह्याविषयी बोलत नाहीत, पण ह्या मंडळींपुढे बसलं की पाच मिनिटांत हाच विषय निघतो, आणि मग तो संपत नाही.

साधा दोन खड्ड्यांचा संडास आपल्या देशात बिंदेश्वर पाठकांच्या 'सुलभ' संस्थेने १९७० नंतर गावोगाव नेला. एक खड्डा वापरायचा, तो भरला की दुसरा. तोवर पहिल्याचं खत. हिशेब सोपा आहे, पण तो मातीत. कातळात एक खड्डा मारायलाच ब्रेकर लागतो, कामगार लागतात, आणि खड्ड्याच्या खर्चात गावात खोली बांधून झाली असती असं सासरे सुनावतात. म्हणून मग बादली आणि भुसा. जोसेफ जेन्किन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाचं 'ह्यूमन्युअर हँडबुक' ह्या मंडळींत धर्मग्रंथासारखं हातोहात फिरतं. कार्यक्रम झाला की वरून मूठभर भुसा, बादली भरली की खताच्या ढिगात. वास येत नाही, हे मी साक्षीने सांगतो. पण भुसा लागतो, आणि भुसा लागतो म्हणजे पोत्यांनी लागतो.

आमच्या नाक्यावरच्या सॉ मिलवाल्याने पहिल्या पोत्याला काही विचारलं नाही. पुढे दर आठवड्याला साहेब स्कूटरवर पोतं घालून नेताना दिसले तेव्हा वाडीत चर्चा झाली. भुश्यावर शहरातले लोक काय करतात? कोणीतरी सांगितलं, अळमी. बंद खोलीत भुश्यावर अळमी काढतात, पुण्यात फार भाव येतो. झालं. येता-जाता लोक साहेबांना थांबवून विचारू लागले, "अळमी कधी होतली? आमका ठेवा हां थोडी." साहेब आधी गोंधळले, मग संकोचाने हसले, आणि त्या हसण्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की धंदा गुप्त ठेवायचाय. दोघा-तिघांनी आगाऊ पैसे देऊ केले. शेवटी कोणीतरी प्रत्यक्ष सड्यावर जाऊन सगळं बघून आलं. त्यानंतर त्या वर्षी आमच्या वाडीत कोणीच अळमी खाल्ली नाही. रानातलीसुद्धा नाही.

पाहुण्यांचं काय करायचं, हा ह्याच्याही पुढचा प्रश्न. शहरातल्या नातेवाइकांना कळलेलं असतं ते एवढंच की ह्यांनी कोकणात फार्महाउस घेतलंय. मे महिन्यात ते दोन गाड्या भरून येतात. यजमान त्यांना मोकळ्या कातळावर उभं करून सांगतात, "आत्ता तुम्ही हॉलमध्ये आहात." मग पुढे चार पावलं टाकून, "हे किचन." पाहुणे मान डोलवतात, आणि मग त्यांतल्या एखाद्या मावशी दबक्या आवाजात विचारतात, "बाथरूम कुठाय?" यजमान बादलीकडे नेतात. गाड्या संध्याकाळीच परत निघतात. मला वाटतं शेडचा ह्याहून मोठा उपयोग नाही.

पण शेडमध्ये धोका निराळाच असतो. गैरसोयीने ती कोणाला हरवत नाही, हरवते ती सोयीने. पहिल्या दिवशी शर्ट अडकवायला पत्र्याच्या चौकटीत एक खिळा मारला जातो. दुसरा खिळा कालनिर्णयसाठी. भिंतीवर कालनिर्णय लागलं की आपण समजून घ्यावं, ह्या माणसांची मुळं आता जमिनीत उतरायला लागली. त्यानंतर फळी येते, फळीवर डबे येतात, डब्यांवर मांजर येतं. पत्र्याला पुढून पडवी काढतात, कारण पावसात चपला भिजतात. पडवी झाली की एक खुर्ची, खुर्ची झाली की दुसरी. तुळस येते. तुळशीला कट्टा. एका शेडला तर मागच्या दिवाळीत आकाशकंदील लागला होता. प्रत्येक नव्या सोयीबरोबर गवंड्याला केलेला फोन एका दिवसाने पुढे जातो. आणि तिकडे घराचं जोतं पावसात तसंच पडून राहतं. भरावाच्या मातीत टाकळा उगवतो, चांगला गुडघाभर. त्याची कोवळी पानं खुडून भाजी करतात. मी ती खाल्ली आहे, ओलं खोबरं घातलेली, छान झाली होती. "आमच्या हॉलमधला टाकळा," यजमान म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काहीही चुकल्याची खंत नव्हती, तेव्हाच मी ओळखलं की ह्यांचं घर आणखी एक पावसाळा लांबलं.

ह्यावर उपाय एकाच बाईने केलेला मी पाहिला. त्या ठाण्याच्या वहिनींनी शेडमध्ये पाऊल टाकतानाच नियम घातला, इथे एकही नवा खिळा लागणार नाही. कपडे दोरीवर, डबे खोक्यात, कॅलेंडर मोबाइलमध्ये. नवऱ्याने पडवीचा विषय काढला की त्या फक्त छत्री उघडून शेडच्या आतच बसायच्या. त्यांचं घर खरोखर पुढच्या पावसाआधी झालं. गवंडीसुद्धा त्यांना घाबरून आठच्या आधी येई.

घर छान झालंय. चिरेबंदी, वर कौलं, आत गारवा, जमीन शेणाने सारवलेली. वास्तुशांतीला आजी आली होती. तिने सगळीकडे फिरून हात लावून बघितलं आणि म्हणाली, "बरा आसा. मांगर मोठो झालो." वहिनींनी हे कौतुक म्हणून घेतलं आणि तिला साडी दिली.

वास्तुशांतीचा मांडव उतरायच्या आतच बंगळुरूचं एक नवं जोडपं माझ्या ओटीवर मोबाइल लावून बसलं होतं. त्यांना कळलं होतं की वरच्यांची शेड आता रिकामी झाली. पत्रे विकणार का?

हे पत्रे मी ओळखतो. ठाण्याच्या वहिनींच्या आधी ते कंटेनरवाल्यांच्या बाजूच्या एका पुणेकरांकडे होते, त्यांच्याआधी तालुक्याच्या गावात एका बिल्डिंगच्या साइटवर सिमेंट झाकायला. प्रत्येक मालकाने आपल्या पाइपांच्या मापाने नवी भोकं पाडली आणि आधीच्या मालकाची भोकं डांबराने बुजवली. उन्हाकडे धरले तर पत्र्यात आकाशातली नक्षत्रं दिसतात. बंगळुरूच्या साहेबांनी एक पत्रा तसा धरून बघितला आणि भाव पाडून मागितला. वहिनी म्हणाल्या, भोकांचे पैसे लावलेलेच नाहीत, नुसत्या पत्र्याचे लावलेत. साहेबांना हे पटलं असावं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की साधारण किती दिवसांसाठी पुरतील. "तुम्ही खिळे किती मारता त्यावर आहे," वहिनी म्हणाल्या. साहेबांना काही कळलं नाही.

टेम्पो आला, पत्रे चढले. मी मदतीला गेलो होतो. सगळे वर दोऱ्या आवळण्यात गुंतले होते आणि खाली गवतात जे-हूक आणि वायसर सांडले होते. मी ते निवडून खिशात टाकत होतो आणि मध्येमध्ये यंदा पाऊस लवकर दिसतो असं म्हणत होतो. चांगले सरळ होते, एकही गंजलेला नाही. माझ्या गोठ्याचे पत्रे वाऱ्याने वाजायला लागलेत.